चेरी नव्हे, प्लम

संग्रहालयातल्या फुलांच्या दालनात मावशीनं बावीस वर्षं उभ्यानं काढली. सगळे तिला मावशीच म्हणायचे. गणवेशावरची नावाची पट्टी कुणी वाचत नसे. दगडात कोरलेली कमळं, इराणी गालिच्यावरचे गुलाब, डच तैलचित्रांतले गच्च गुच्छ, सगळ्यांवर डोळा ठेवायचा आणि दिवसातून शंभरदा ‘हात लावू नका’ म्हणायचं. संध्याकाळपर्यंत पायांचे तुकडे पडायचे. घरी नवरा अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेला. तिथंही उसंत नव्हती.

एकदा नव्यानं आलेल्या चिनी शाईचित्राखाली पाटी लागली : ‘चेरीचा बहर’. मावशीचा बाप रोपवाटिकेत माळी. झाडं तिनं अक्षरांच्या आधी ओळखली होती. चार दिवस तिनं शब्द गिळले. पाचव्या दिवशी दालनप्रमुख बाई आल्या तेव्हा म्हणाली, “बाई, ही चेरी नाही. चेरीचं फूल लांब देठाला लोंबतं, पाकळीच्या टोकाला खाच असते. हे फांदीला चिकटून बसलंय, पाकळ्या गोल. प्लम आहे हा.”

“पाटी तज्ज्ञांनी लिहिलीये, मावशी,” बाई चालता चालता म्हणाल्या. “तुम्ही दाराकडे बघा.”

मावशी दाराकडे बघत राहिली. राग यायलासुद्धा अंगात त्राण लागतं.

आठ महिन्यांनी एक पाहुणे अभ्यासक आले आणि चित्रापुढे उभं राहून नेमकं तेच बोलले. बाईंचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी पाटी बदलली. दालन बंद होताना बाई मावशीपाशी आल्या.

“तेव्हाच ऐकायला हवं होतं मी. बाकीच्या पाट्याही बघाल का एकदा?”

मावशीला बस गाठायची होती. तरी ती दालनभर फिरली. आणखी दोन चुका निघाल्या. एका तैलचित्रापुढे ती थबकली.

“ट्युलिप आणि सूर्यफूल एका फुलदाणीत? एका वेळी फुलत नाहीत ही.”

“ती चूक नाही,” बाई म्हणाल्या. “काही चित्रकार एकेका फुलाची वाट बघत वर्षभर थांबायचे.”

“वर्षभर?” मावशी किंचित हसली. “दमला असेल बिचारा.”

घरी नवऱ्याचं अंग पुसताना तिनं सगळं सांगितलं.

“मग बढती?” त्यानं अडखळत विचारलं.

“कसली बढती. उद्या नऊला दार उघडायचंय.”

पण त्यानंतर नवी पाटी लागण्याआधी बाई तिला हाक मारायच्या आणि मावशी पाय ओढत जायची.