मोरीखालची पिशवी

बिराजदार भाऊसाहेब गेल्याचं मला मोरीपाशी कळलं. मी चाळणीत वाळू धूत होते. शिपाई येऊन म्हणाला, "दुधनीहून, त्यांच्या गावावरनं निरोप आलाय. भाऊसाहेब गेले की." नळ बंद करायचं सुचलं नाही. पाणी तसंच वाहत राहिलं... त्याला आता तीन आठवडे झाले.

सोलापुरात माती तपासायच्या आमच्या खोलीत भाऊसाहेब मोजणी करत. नदीकाठची गाळमिश्रित वाळू यायची. ती पितळी कड्यात भरून वर वजन ठेवायचं, आणि किती दबते ते घड्याळासारख्या काट्यावर वाचायचं. गाळ जास्त तर वाळू जास्त दबते, हे मला त्यांनीच सांगितलं. पिशवी उघडली की आधी ते तिच्यातली चिमूटभर वाळू ओली करून बोटांत चोळत आणि काटा कुठे थांबेल ते वहीत लिहीत. बहुतेक वेळा तो तिथेच थांबे.

"गोदाबाई, तुमी सांगा की, किती दबंल?"

"मला काय कळतंय, भाऊसाहेब."

"रोज हिला आंघोळ घालताय, अन् कळत न्हाय व्हय?"

मी चौथी शिकलेली, म्हणून ताटांवर आकडे लिहायचं काम त्यांनी मला दिलं. प्रत्येक मातीची दोन ताटं असत. एकातली धुऊन गाळ किती ते बघायचं, दुसरी तशीच दाबायची. एकदा मी दोन्ही धुतली. लक्षात आलं तेव्हा गाळ मोरीतून गेला होता. वाळू भट्टीत सुकवून ताट गुपचूप जागेवर ठेवलं. कामावरून काढतील, ही भीती.

पिशवीतली वाळू चोळून भाऊसाहेबांनी वहीत मोठा आकडा लिहिला होता. काटा जेमतेम हलला. भाऊसाहेब कितीतरी वेळ वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पिशवीत उरलीय का थोडी? परत दाबून बघू."

"न्हाय," मी म्हणाले.

पिशवी माझ्या पायामागे, मोरीच्या ओट्याखाली होती.

त्यानंतर त्यांनी वाळू चोळणं सोडलं. "आता काट्यालाच इचारायचं, गोदाबाई. बोटं म्हातारी झाली माजी," असं हसून म्हणाले. निवृत्त होईपर्यंत वहीत अंदाज लिहिला नाही. निरोपाच्या दिवशी त्यांच्या हातात चहा देताना मी सगळं सांगणार होते... कप दिला आणि मागे फिरले.

तिथेच राहिलेली ती पिशवी काल मी बाहेर काढली. चिमूटभर वाळू ओली करून चोळली. कण गळून पडले, गाळ बोटांना चिकटून राहिला, चांगला दाट. त्यांच्या बोटांना बरोबर कळलं होतं.

हात धुवायला नळ सोडला, आणि बोटं न भिजवताच बंद केला.