कॉम्प्युटरच्या तोंडाला हळद

आमचा कॉम्प्युटर बंद पडायलाही मुहूर्त बघतो. एरवी वर्षभर त्याच्याकडं कुणी ढुंकून बघत न्हाई. पण दुसऱ्या दिवशी औंढ्याला सासऱ्यांचं वर्षश्राद्ध, आणि आज सकाळी हा पठ्ठ्या निळा पडदा दाखवून गप्प. 'दुरुस्ती चालू आहे' असं इंग्रजीत सांगायचा, थोडा वेळ गोल गोल फिरायचा आणि पुन्हा निळा पडायचा. मी वसमतला अर्धी जिंदगी कारकुनी केलेला माणूस, मला ही काम करायची पद्धत ओळखीची वाटली.

त्याच्या पोटात सासऱ्यांचं गाणं होतं. ते नागनाथाच्या देवळात रोज सकाळी पदं म्हणायचे. आमच्याकडं मुक्कामाला आले तेव्हा बायकोनं हट्ट धरला म्हणून मी एक पद मोबाइलवर भरून घेतलं आणि कॉम्प्युटरमध्ये टाकून ठेवलं. तो मोबाइल पुढं पाण्याच्या टाकीत पडून वारला. मग सासरेही गेले. आता त्यांचा आवाज जगात एकाच जागी होता, या डबड्यात. बायकोला तो उद्या भावांना ऐकवायचा होता.

माझा एक दोस्त कॉम्प्युटर क्लास चालवतो. तो लग्नाला नांदेडला निघाला होता. जाता जाता त्यानं दारातच हातात पेन ड्राइव्ह ठेवला. "इसमें लिनक्स है भाई, वेगळी सिस्टीम. जुनी सिस्टीम मेली तर मरू दे. यावरून मशीन चालू कर, आपली फाइल काढून घे. फक्त ट्राय दाबायचं. इन्स्टॉल दाबलं की सब साफ, तुझे सासरेपण साफ." एवढं बोलून तो गेला, आणि मी 'ट्राय, ट्राय' घोकत बसलो.

पेन ड्राइव्ह पुढच्या खाचेत खोचला, मशीन चालू केली आणि दोस्तानं सांगितलेलं बटन टिपरीसारखं वाजवलं. मशीन कशावरून चालू करायची त्याची यादी आली. यादीत पेन ड्राइव्हचं नावच न्हाई. दोस्ताला फोन लावला तर मागं बँडबाजा. तो म्हणाला, "सेटिंगमध्ये जा, सिक्युअर बूट नावाचं कुलूप आहे, ते बंद कर." केलं. नाव न्हाई. "पेन ड्राइव्ह पहिल्या नंबरवर घे." अरे बाबा, जो दिसतच न्हाई त्याला पहिला नंबर कसा देऊ? तसा आमच्या ऑफिसात तोही प्रकार होऊन गेलेला आहे, पण मशीन त्या बाबतीत प्रामाणिक निघाली.

बायको स्वयंपाकघरातून येऊन जाऊन विचारायची, "अहो, झालं का चालू?"

"न्हाई."

कुकरची शिट्टी झाली की पुन्हा, "झालं का चालू?"

"झालं की सांगतो ना! डोक्याला ताप नको देऊ," मी खेकसलो. राग तिच्यावर नव्हताच. उद्या भावांसमोर ती मान खाली घालून बसणार, आणि तिच्या शेजारी मी, साहेबी थाटात 'मी करतो' म्हणालेला जावई. तीच भीती रागाच्या नावाखाली बाहेर येऊन राहिली होती.

शेवटी दोस्त कंटाळून म्हणाला, "पेन ड्राइव्हचा दिवा तरी लागून राहिला का?" बघितलं तर दिवा न्हाई. खाच बदलली, तरी न्हाई. मी खाली बसून खाचांत टॉर्च मारला. आत पिवळंजर्द.

बायको मागून वाकली. "अहो, तिथं तर आपण हळद लावतो."

मी कपाळावर हात मारला. मशीन नवी होती तेव्हा दसऱ्याला सासरे इथंच होते. पूजेला बसले आणि म्हणाले, "जावईबापू, याचं तोंड कोनतं?" मी शहाणपणानं पुढच्या खाचा दाखवल्या, काय घालायचं ते इथून आत जातं म्हणून. त्यांनी ओल्या हळदीची बोटं मनापासून त्या तोंडात भरवली, वर कुंकू, वर अक्षता. पुढं दर दसऱ्याला बायकोनं नेमकं तेच तोंड धरलं. हळद वसमतची, भेसळीला जागा न्हाई, दगडासारखी बसली होती.

मी सेफ्टी पिन घेऊन खरवडायला लागलो तर तिनं माझा हात धरला. "राहू द्या. तळाची दादांच्या हातची असल." वडिलांना ती दादा म्हणायची.

मशीनला मागंही खाचा असतात. इतका वेळ ही गोष्ट मला आणि क्लासवाल्या दोस्ताला, दोघांनाही सुचली नव्हती. पेन ड्राइव्ह मागं लावला, दिवा लागला, यादीत नाव आलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावली आणि समोर दोन बटनं उभी राहिली, ट्राय आणि इन्स्टॉल, एकमेकांना खेटून. बायकोनं माझं मनगट घट्ट धरलं. मी ट्राय दाबलं. जुनी डिस्क उघडली, फाइल जागेवर होती. आधी तिची नक्कल दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घेतली, मग जीव भांड्यात पडला.

"लावा," ती म्हणाली.

आधी खरखर. मग सासऱ्यांचा आवाज, अगदी खोलीत बसल्यासारखा. "जावईबापू, झालं का चालू?"

माझा आवाज, "झालं. म्हणा तुमी."

"बराबर बघा. झालं का चालू?"

माझा आवाज, तेव्हाही खेकसलेला, "झालं म्हणलं ना!"

मी मान वर करून बघितलं न्हाई. बायकोनं माउस माझ्या हातातून घेतला आणि फाइल पहिल्यापासून लावली. पुन्हा विचारलं सासऱ्यांनी, झालं का चालू.

"झालं दादा," ती पडद्याकडं बघून म्हणाली. "झालं चालू."

पद अजून सुरू व्हायचं होतं.