काकूंनी विचारलं, "सध्या काय वाचतोयस?"

मंडळी, आज दुपारी कोलशेतला शैलाकाकूंना भेटायला गेलेलो. ऐंशीच्या दशकात डोंबिवलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्या स्वतःच्या घरातल्या पुढच्या खोलीत वाचनालय चालवायच्या.

मी तेव्हा पाचवीत होतो. सकाळी नेलेलं पुस्तक जिन्यातच बसून संपवायचो आणि दुपारी पुन्हा त्यांच्या दारात हजर. "अरे, दिवसाला एकच मिळेल," असं दटावून काकू स्वतःच दुसरं काढून द्यायच्या.

आता त्यांना नीट दिसत नाही, मुलीकडे असतात. माझा आवाज ओळखून पहिलाच प्रश्न, "सध्या काय वाचतोयस रे?"

मी थाप मारली. "एक कादंबरी चाललीय."

"अरे वा! कशावर आहे? सांग ना. हल्ली मला कुणी गोष्टच सांगत नाही."

मग खरं बोललो, "काकू, चार वर्षांत एकही पुस्तक पुरं केलेलं नाही. दहा पानं झाली की हात फोनकडे जातो."

वाटलं, रागावतील. त्या म्हणाल्या, "मग दहाच वाच. पण मोठ्याने वाच, मलाही ऐकू दे."

कपाटातून हाताला लागलं ते पुस्तक काढलं आणि सुरुवात केली. मध्येच काकू म्हणायच्या, "थांब, ते वाक्य परत वाच." त्यांची मुलगी चहा घेऊन आली तेव्हा आम्ही सव्विसाव्या पानावर होतो.

पुढच्या रविवारी परत जाणार आहे.

तुम्ही शेवटचं पुस्तक कधी पुरं केलंत? खरं सांगा हं, थापा नकोत.