तिकीटवाल्या अक्काचं टेबल

अक्का गिऱ्हाइकाला आधी झापायची, मग तिकीट द्यायची. "कामधंदा न्हाई का तुला?" असं विचारल्याशिवाय राज्य लॉटरीचं तिकीट तिच्या हातून सुटतच नसे. घनसावंगीच्या बसस्टँडवर तिचं टेबल होतं. मी तिथल्याच एका सरकारी कचेरीत कारकून. रोज जीपमधून उतरलो की आधी तिची बोलणी खायची, मग ऑफिस गाठायचं.

एका माणसाला ती एकच तिकीट देई. दुसरं मागितलं की खेकसायची, "बस झालं. घरी जा." संध्याकाळी निकाल बघून "न्हाई लागलं" हेही तीच सांगायची, आणि सांगताना तिला बिलकुल वाईट वाटत नसे.

मग रस्त्यापलीकडं काळ्या काचांचं दुकान उघडलं. आत गारवा, रंगीत मशिनी, दारावर 'कॅसिनो' अशी पाटी. लॉटरीचा निकाल संध्याकाळी, इथं मिनिटात. आधी जीपवाले तिकडं गेले, मग मास्तर लोक, मग मी. अक्काचे तिकिटांचे गठ्ठे तसेच परत जाऊ लागले. ती टेबलावरून त्या दुकानाला मोठ्यानं शिव्या द्यायची. मी मान खाली घालून मागच्या दारानं आत शिरायचो.

एका दुपारी मी मशिनीपुढं बसलो असताना ती थेट आत आली. मालक गोड हसून म्हणाला, "मावशी, इथंच काउंटरवर बसा की. तुमची गिऱ्हाइकं तर इथंच हायेत." तिनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"फोन कुठंय तुझा?" तिनं मला विचारलं. तो आवाज बंद करून खिशात ठेवला होता. "बायकोला दवाखान्यात नेलंय. तुझ्या हापिसातला शिपाई तुला हुडकत माझ्याकडं आल्ता. ऊठ, जल्दी!"

मी पोचलो तेव्हा मुलगी जन्मून तास झाला होता. बायकोनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

आठवड्यानं मी अक्काला पेढे दिले आणि एक तिकीट मागितलं.

"तुला न्हाई."

"का अक्का?"

"मी बी तेच इकते रे. जरा हळू, इतकंच."

त्याच महिन्यात तिनं टेबल मोडलं आणि अंबडला लेकीकडं निघाली. कॅसिनो आजही चालू आहे. त्या पाटीकडं पाहिलं की माझं डोकं फिरतं. त्या दिवशी अक्काला जीपमध्ये बसवताना मी म्हणालो, "येत जा कधी."

"हापिसात काम निघालं तर येईन," ती म्हणाली. "तवा जाग्यावर सापड." आणि तिनं दार ओढून घेतलं.