पल्लवीचा कप

ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितलेली नाही, आईला नाही, स्टाफरूममध्ये तर नाहीच नाही. सांगायला तोंड उघडलं की भलतंच काही बोलते — धानाचं, बदल्यांचं, कुणाच्या लग्नाचं. आज तुम्ही समोर बसला आहात असं धरते आणि बोलून टाकते.

मी इंग्रजी शिकवते. कोंढ्याच्या पुढच्या एका गावात, वीस वर्षं झाली. शाळेत इंग्रजी म्हणजे मीच. पालक सायकलवरून उतरून नमस्कार करतात. त्याची सवय लागते हो! आणि ती लागली की दुसऱ्या कुणाला पडलेल्या टाळ्या सोसत नाहीत. माझं हे असं झालंय, हे मला पल्लवीमुळे कळलं.

पल्लवी तेव्हा नववीत होती. वडील गावच्या तलावात मासे धरायचे, घरात इंग्रजीचं अक्षर नाही. शाळेत इंग्रजी भाषणांची स्पर्धा होती, विषय 'माझा आवडता शब्द'. पहिला येईल तो पवनीला, तालुक्याच्या स्पर्धेला जाणार. आमच्याकडे अशी भाषणं मुलं लिहीत नाहीत — मॅडम लिहून देतात, मुलं पाठ करतात. मी सगळ्यांना लिहून दिली. पल्लवीला 'मदर' दिलं होतं. तिने ते घडी करून ठेवलं आणि स्टेजवर स्वतःचंच काही बोलली. वाईट बोलली का? नाही. मी लिहिलं होतं त्याहून कितीतरी चांगलं.

तिचा शब्द होता 'क्रेझ'. इंग्रजी तोडकंमोडकं, मध्येच मराठी. मोबाईलची क्रेझ, क्रिकेटची क्रेझ असं आपण रोज म्हणतो, पण फार पूर्वी या शब्दाचा अर्थ होता तडकणं, फुटणं. मग मन तडकलेल्या माणसासाठी तो वापरू लागले, आणि पुढे एखाद्या गोष्टीपायी वेडं होण्यासाठी. जुना अर्थ उरला कुठे? चिनीमातीच्या भांड्यांत. त्यांच्या चकाकीवर बारीक रेषांचं जाळं पडतं, त्याला अजून हाच शब्द आहे. एवढं बोलून तिने घरचा चहाचा कप वर धरला — कान तुटलेला, आतबाहेर रेषाच रेषा. म्हणाली, यातून चहा गळत नाही, पण हा तडकलेला आहे. सगळी शाळा टाळ्या वाजवायला लागली.

माझ्या पोटात दुखलं. खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं मुलांना शब्दार्थ लिहून देत होते आणि हे मला माहीत नव्हतं! माझ्यासाठी कधी अशा टाळ्या वाजल्या होत्या? परीक्षक मीच होते. हेडसरांनी वाकून विचारलं, "मॅडम, हे खरं आहे काय?" बघून सांगते — एवढंच म्हणायचं होतं. मी माईक घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाले की हे चूक आहे, मनाचं रचून सांगू नये. पहिला नंबर माझंच भाषण पाठ केलेल्या मुलीला दिला. पल्लवी खाली मान घालून उतरली. कप टेबलावरच राहिला.

शाळा सुटल्यावर लायब्ररीतली जाडी डिक्शनरी काढली. 'क्रेझ'च्या पानात एक घडी केलेला कागद खुणेला होता. माझ्याच अक्षरातलं 'मदर'. पल्लवीचा शब्दन् शब्द खरा होता. पवनीला नाव दुसऱ्या दिवशी दुपारी जायचं होतं — म्हणजे अख्खी सकाळ माझ्या हातात होती. मी त्या दुसऱ्या मुलीचंच नाव पाठवलं.

रविवारी तिचे वडील, गोविंदाभाऊ, दारात उभे. तलावाचं पाणी उतरलं की सगळे मिळून मासे काढतात आणि ज्याचा त्याचा हिस्सा करतात. ते आपला हिस्सा घेऊन आले होते.

"पोरगी चुकली म्हणे, मॅडम. आमाले काई समजत नाई त्यातलं. तुमी राग नोका धरू तिच्यावर."

मी काय म्हणाले असेन? "असू द्या." जसं काही माफच करत होते. मासे ठेवून घेतले, रस्सा केला, आणि दोनदा वाढून घेतला.

इथे संपलं असतं तरी खूप झालं असतं. पण पुढच्या वर्षापासून 'क्रेझ' शब्द आला की मी तो कप काढते. तिचाच धडा, तिचंच वाक्य — यातून चहा गळत नाही. मुलं टाळ्या वाजवतात. एका ट्रेनिंगमध्येही करून दाखवलं, लोकांनी फोटो काढले. स्टाफरूममध्ये त्याला 'मॅडमचा कप' म्हणतात.

यंदा पल्लवी धाकट्या बहिणीची अॅडमिशन करायला आली. वरठीला कुठेशी नोकरी करते. इंग्रजी तिने पुढे घेतलं नाही. मला ती दिसली तेव्हा ती वर्गाच्या दारात उभी होती आणि कप माझ्या हातात, वर धरलेला. थांबावं असं वाटलं, पण सवयीने वाक्य तोंडातून निघून गेलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पल्लवीनेही वाजवल्या. तो तुटका कान तिने ओळखला नसेल?

मग बहिणीला म्हणाली, "मॅडम मस्त शिकवतेत. ध्यान देऊन आयकत जाजो."

ती गेली. मी कप रुमालात गुंडाळला. पुढच्या तासाला ब तुकडीत तोच धडा होता. तिथेही टाळ्या पडल्या.