मागून येतोय

बाबुराव वानखडे पाठीवर दहा किलो कणीक घेऊन जिना चढायला लागले, तेव्हा फरीदाबादच्या त्या नव्या सोसायटीला चघळायला चांगलाच विषय मिळाला. लिफ्ट म्हणजे त्या बिल्डिंगची शान. फ्लॅट विकताना बिल्डरनं सगळ्यात आधी लिफ्टच दाखवली होती. आणि हे साठी ओलांडलेले रिटायर्ड सेक्शन ऑफिसर लाल सॅक पाठीला लावून, धापा टाकत, रोज सकाळी तिच्या समोरून जिन्यानं वर जात.

"अंकलजी, लिफ्ट खराब है क्या?"

"नहीं जी, जंगल जाना है," बाबुराव म्हणत आणि पुढचा मजला गाठत.

जंगलाचं खूळ त्यांचं नव्हे, त्यांच्या मुलीचं. रोशनी गुडगावला एका परदेशी कंपनीत लागली होती. त्या दिवसांत दिल्लीच्या नोकरदारांच्या हातात पैसा खुळखुळायला लागला होता आणि सिमला-मसुरीचा त्यांना कंटाळा आला होता. म्हणून एका टूरवाल्यानं नवीच टूम काढली. दुसऱ्या महायुद्धात आपले शिपाई मणिपूरच्या जंगलातून ब्रह्मदेशाकडे ज्या वाटेनं गेले, त्याच वाटेनं गाईड घेऊन चार दिवस चालायचं. शिपायांच्या मुलाबाळांना आधी जागा. रोशनीचे आजोबा अंबादास त्याच वाटेवर लढलेले. पोरीनं वडिलांना न विचारताच नाव घातलं आणि वाढदिवसाची भेट म्हणून जाहीर करून टाकलं. बाबुरावांना त्या वाटेला जायचंच नव्हतं. पण हौसेनं दिलेल्या भेटीला नाही कोण म्हणतं?

पहिली बैठक करोल बागेतल्या एका हॉलमध्ये झाली. प्रत्येकानं उठून आपल्या शिपायाबद्दल दोन शब्द बोलायचे होते. पंजाबी बोलले, गढवाली बोलले. बाबुरावांचा नंबर आला तेव्हा ते रुमालानं चष्मा पुसत बसले, म्हणून रोशनीच उठली. तिचं हिंदी झकास. का नसेल, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये लहानाची मोठी झालेली पोर.

"हमारे आजोबा कहते थे," ती म्हणाली, "कि असली शिक्षा तो उन्हें उसी जंगल में मिली."

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला.

आता मराठी माणसाला सांगायला नको की अंबादास काय म्हणत असत. पडवीत बाजेवर पडल्यापडल्या ते म्हणत, "त्या जंगलात मला शिक्षा झाली." आणि त्यांना खरोखरच शिक्षा झाली होती, पलटणीतली, सगळ्यांच्या देखत. पण दिल्लीत वाढलेल्या नातीच्या कानाला शिक्षा म्हणजे शिक्षण. तिनं आजोबांना एका शब्दात गुन्हेगाराचा ज्ञानी माणूस करून टाकलं होतं. ज्यांना खरं माहीत होतं, असे त्या हॉलमध्ये एकटे बाबुराव. त्यांनी काय केलं? त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

एवढ्यावर भागलं असतं तर त्यांनी ते पचवलंही असतं. पण त्यांच्यानंतर एक बाई उठल्या. उंच, सावळ्या, पांढऱ्या साडीतल्या. मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "मैं कुसुमावती. मेरे पिता दामू, बाळापूर के. उसी जंगल में मिसिंग हो गये. मैं तब माँ की गोद में थी."

बाबुरावांनी चष्मा चढवून त्यांच्याकडे पाहिलं. बाळापूरचा दामू! शेवटच्या वर्षी तापात बरळताना अंबादासांच्या तोंडी दुसरं नाव नव्हतं.

चहाच्या वेळी बाई स्वतःच जवळ आल्या. हॉलमध्ये मराठी माणसं काय ती हीच. "जयभीम भाऊ. तुमच्या बाबांनी कधी माझ्या बाबांचं नाव घेतलं होतं का हो?"

"नाही ताई," बाबुराव म्हणाले. "ते फारसं बोलत नसत."

एकदा नाही म्हटलं की पुढं सगळं तसंच रेटत न्यावं लागतं. कुसुमावतीबाई मुलाच्या बदलीमुळे दिल्लीला आलेल्या, शेजारपाजारचं हिंदी ऐकून कंटाळलेल्या. त्या आठवड्यातून दोनदा फोन करायच्या. बूट कुठले घेतले, जळवांना मीठ लावतात की तंबाखू, सगळं विचारायच्या. एकदा म्हणाल्या, "भाऊ, मी मेणबत्ती नेतेय. पण लावू कुठं? जंगल एवढं मोठं. गाईड म्हणतो, कुठंही लावा, भावना महत्त्वाची. मला तसं नाही पटत."

कुठं लावायची ते बाबुरावांना ठाऊक होतं. फोन ठेवल्यावर ते बराच वेळ बाल्कनीत उभे राहिले. स्वतःची त्यांना इतकी लाज वाटत होती की नंदाबाईंनी चहा आणून दिला तरी त्यांनी बायकोकडे बघितलं नाही. खरं सांगावं तर मेलेल्या बापाच्या तोंडाला काळं फासायचं, आणि रोशनीच्या डोळ्यांतला अभिमान पुसायचा. न सांगावं तर ही बाई भलत्याच झाडाखाली मेणबत्ती लावून परत येणार. मग ते पाठीवर कणीक चढवत आणि जिन्याकडे जात. एक पिशवी पुरेना, म्हणून त्यांनी दुसरी घातली. शरीर दमलं की मन गप्प बसेल असा त्यांचा हिशेब होता. तसं काही झालं नाही.

जायच्या आधीच्या रविवारी सूरजकुंडच्या बाजूच्या डोंगरात सगळ्यांची पाठीवर वजन घेऊन चाचणी होती. एका अंगानं खाणींनी पोखरलेला, दुसऱ्या अंगानं नव्या कॉलन्यांनी खाल्लेला डोंगर. पण चढ खरा होता. टूरवाल्याचा पोरगेला ट्रेनर, नीरज, पुढं होता. बाबुराव जिन्यांच्या पुण्याईवर तिसऱ्या नंबरात. कुसुमावतीबाई सुरुवातीला बरोबर होत्या, मग मागं पडल्या. एका वळणावर बाबुरावांनी त्यांना बसताना पाहिलं होतं. पाहिलं, आणि ते चालत राहिले. त्यांच्यासोबत एकट्यानं बसायची त्यांची छाती नव्हती.

वर पोचल्यावर नीरजनं डोकी मोजली. "अंकलजी, आंटी कहाँ हैं?"

"पीछे आ रही..." बाबुराव बोलले, आणि मध्येच थांबले.

ते वळले आणि तसेच उतरायला लागले. नीरज हाका मारत राहिला.

कुसुमावतीबाई कीकराच्या, म्हणजे आपल्या बाभळीच्या झाडाखाली पिंढरी दाबत बसल्या होत्या. "गोळा आला हो पायात. तुम्ही कशाला परत आलात?"

बाबुराव त्यांच्यासमोर मातीतच बसले. सॅक काढायचंही भान त्यांना राहिलं नाही.

"ताई, मी खोटं बोललो. बाबा तुमच्या वडिलांचं नाव घ्यायचे. रोज घ्यायचे."

बाईंचा हात थांबला.

"दोघांना निरोप घेऊन पाठवलं होतं. दामूकाकांना हिवताप भरला. ओढा ओलांडल्यावर त्यांना चालवेना. बाबांनी त्यांना बांबूच्या बनात, एका पांढऱ्या खडकाला टेकवून बसवलं आणि पुढं गेले. ठाण्यावर साहेबानं विचारलं, दामू कुठं आहे? बाबा म्हणाले, मागून येतोय. खरं सांगितलं असतं तर परत धाडलं असतं. ते दमले होते, ताई. नुसते दमले होते. सकाळी माणसं गेली तेव्हा पावसानं ओढा फुगलेला. कुणी सापडलं नाही. मग बाबांना शिक्षा झाली. पाठीवरच्या पिठ्ठूत दगड भरून उन्हात पळवलं. बाबा म्हणायचे, शिक्षा कमीच झाली. रोशनीला शब्द कळला नाही, आणि मी कळू दिला नाही."

खालच्या रस्त्यावरून गाड्यांचा आवाज येत होता.

"माय म्हणायची, मिसिंग म्हणजे हरवलेला, आणि हरवलेला माणूस सापडतो," कुसुमावतीबाई शेवटी म्हणाल्या. "मरेपर्यंत कुंकू लावत होती. तुमच्या बाबांना आमचं गाव माहीत होतं ना?"

"होतं."

"मग एकदा यायचं होतं."

बाबुरावांनी मान खाली घातली.

"तुमची मुलगी बोलली तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या. मी बघितलं."

"वाजवल्या, ताई."

"मीपण वाजवल्या," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. बाबुरावांनी रुमाल पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही, पदर लावला.

मग झाडाचा आधार घेत त्या उठल्या. "तो पांढरा खडक दाखवाल?"

"शोधून दाखवीन. बाबांच्या तोंडून ऐकून ऐकून ती जागा पाठ झालीय."

"मुलीला सांगाल?"

"आज रात्रीच सांगतो." बाबुरावांनी त्यांच्या सॅककडे हात नेला. "ही द्या माझ्याकडे."

"राहू द्या. माझं मी नेईन. मी पुढं चालते, तुम्ही मागून या."

त्या लंगडत चढायला लागल्या. बाबुराव मागं, कणकेचं ओझं सावरत. उतरता चढता त्यांचाही दम संपला होता. वळणावर त्या दिसेनाशा झाल्या.

वरून नीरज ओरडला, "आंटी, अंकलजी कहाँ रह गये?"

कुसुमावतीबाई थांबल्या. त्यांनी मागं वळून पाहिलं. वळणावर बाबुरावांचं डोकं आणि मग ती लाल सॅक दिसेपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या. मगच त्यांनी उत्तर दिलं.

"मागून येतायत."