काकूंना सांगायचं आडनाव

ताईंनी माझं मनगट धरलं आणि माझा हात वर केला. कुस्ती जिंकलेल्या पैलवानाचा करतात तसा. लायब्ररीचा हॉल भरलेला. मागे मोठा फलक, इथे सगळ्यांचं स्वागत आहे असा. ताई माइकवर म्हणाल्या, "धिस इज मिसेस कुलकर्णी. शी लुक्स आफ्टर माय मम. दीज आर द पीपल दे वॉन्ट टु टेक अवे."

टाळ्या. लोक उभे राहिले. पुढच्या रांगेतली एक गोरी म्हातारी रडली. कुणीतरी फोटो काढला.

मी कुलकर्णी नाही. माझ्या सात पिढ्यांत कोणी कुलकर्णी नाही. ते आडनाव मला ताईंनीच चिकटवलं होतं, आणि चिकटवलंय हेही त्या विसरून गेल्या होत्या. मी मात्र हात वर धरून हसत उभी. ते हसू आठवलं की आजही मला माझीच किळस येते.

मी नागपूरकडची. नर्सिंग केलेली. केअर वर्करच्या व्हिसावर इथे आले. एजन्सीने स्पॉन्सर केलं म्हणून व्हिसा; एजन्सीचं काम गेलं की व्हिसाही गेला. इल्फर्डला एका खोलीत आम्ही तिघी. रोज सकाळी दोन ट्रेन बदलून लंडनच्या दुसऱ्या टोकाला काकूंकडे जायचं. काकू म्हणजे ताईंची आई. पन्नास वर्षांपूर्वी पुण्याहून आलेल्या. ताई इथेच जन्मल्या, शिकल्या, तिथल्या कौन्सिलवर, म्हणजे नगरपालिकेवर, निवडून आल्या.

काकूंना डिमेन्शिया. नवऱ्याचं नाव विसरल्या, नातवंडं विसरल्या, तोंडातला घास गिळायचा विसरतात. एकच गोष्ट शाबूत आहे. सकाळी उठवायला हात पुढे केला की विचारतात, "आडनाव काय गं तुझं?"

पहिल्या दिवशी मी खरं सांगितलं. काकूंनी हात काढून घेतला. पांघरुणाला पुसला. दुपारपर्यंत त्या ओल्या अंथरुणात पडून राहिल्या, पण मला हात लावू दिला नाही.

ताईंनी मला किचनमध्ये नेलं. "आई सगळा विसरते गं, तू मनावर नको घेऊ. तू जस्ट कुलकर्णी सांग ना. इट्स ईझियर फॉर एव्हरीवन."

एव्हरीवनमध्ये मी धरलेली होते का, ते विचारलं नाही. व्हिसा एजन्सीच्या कामावर होता, आणि माझं काम म्हणजे ते घर. दोन वर्षं मी रोज सकाळी कुलकर्णी झाले. काकू हात द्यायच्या, "गुणाची आहेस हो," म्हणायच्या. मी त्यांना आंघोळ घालायची, वेणी घालायची, भरवायची. घरी फोन केला की आईला सांगायची, माणसं चांगली आहेत.

आता त्या सभेचं. व्हिसा तपासायचे छापे होम ऑफिस घालतं, म्हणजे इथलं गृहखातं. रेस्टॉरंटच्या किचनमधून, स्टेशनबाहेरून माणसं उचलतं. ते थांबवायचा अधिकार कौन्सिलला नाही. पण आपण कुणाशी व्यवहार करायचा हा अधिकार आपला आहे, असं ताई ठणकावून म्हणाल्या. उचललेल्या माणसांना नेणाऱ्या व्हॅन ज्या कंपनीच्या, तिच्यावर बॉयकॉट. कौन्सिलचा ठराव झाला. आमची केअर एजन्सी त्याच कंपनीची होती, आणि काकूंसारख्यांकडचं आमचं काम कौन्सिलच्या कंत्राटावर चालायचं. ताईंना ते ठाऊक होतं.

बहिष्कार मला नवा नाही. आजोबांच्या गावात आमच्या वस्तीने पोळ्याला डफडं वाजवायला नकार दिला, तर गावाने बहिष्कार घातला. गिरणीवाला दळण घेईना, दुकानदार मीठ देईना. आजी जात्यावर दळायची, तिच्या हाताचे घट्टे मी पाहिलेत. तो बहिष्कार आमचं तोंड बंद करायला होता. हा म्हणे आमच्या भल्यासाठी. कारमध्ये बसून ताई म्हणाल्या, "वी डिड इट!" महिन्याअखेर काम बंद होणार होतं ते आमचं, सतरा बायकांचं. व्हॅन अजून फिरतायत.

शेजारच्या कौन्सिलकडे अर्ज केले. त्यांचा पक्ष वेगळा. त्यांनी उलटा ठराव केला, की बहिष्कारवाल्या कौन्सिलने सोडलेली माणसं आम्ही घेणार नाही, त्यांचं त्यांनी निस्तरावं. दोन कौन्सिलं एकमेकांवर रुसली आणि रस्त्यावर आम्ही आलो.

मग आमचे व्हिसा तपासायला होम ऑफिसची माणसं एजन्सीत आली. एकेकीला आत बोलावलं. माझी पाळी आली तेव्हा टेबलावर एक लीफलेट होतं. सभेतला माझा फोटो, हात वर, खाली मोठ्या अक्षरांत मिसेस कुलकर्णी. शेजारी माझा पासपोर्ट.

"हू इज मिसेस कुलकर्णी?"

मी फोन करायची परवानगी मागितली. ताईंनी लगेच उचलला. "ओ गॉड. लिसन, मिसप्रिंट होता म्हण. आईला यात आणू नको, प्लीज. माझं नाव पण नको. होम ऑफिसचं मॅटर आहे, कौन्सिल काय करणार?"

दोन वर्षं खोटं बोलले होते. आणखी एक काय जड होतं? पण जीभ वळली नाही. मी त्या ऑफिसरला सगळं सांगितलं. आडनावावरून जात कळते. जात कळली की हात काढून घेतात. इथे, लंडनमध्ये, सेंट्रल हीटिंगच्या घरात. तो ऐकत राहिला. पेन उचललं नाही. मग विचारलं, "सो यू यूज्ड अ फॉल्स नेम?"

"यस."

तेवढं त्याने लिहिलं.

दुसरीकडून कुठून काही होईल ही आशा आता नाही. तीन केअर होम्सनी मुलाखतीला बोलावून नंतर नको म्हटलं. व्हिसा संपवल्याचं पत्र येईल, त्यानंतर साठ दिवसांत नवा स्पॉन्सर शोधायचा, नाहीतर देश सोडायचा. वकील म्हणते, कठीण आहे.

महिन्याचा शेवटचा दिवस. काकूंकडची शेवटची सकाळ. ताई बेडरूमच्या दारात उभ्या. "शनिवारी परत मीटिंग आहे. तू बोल ना. तुझी जॉब गेली ते सांग. पीपल नीड टु हिअर इट."

"मी येणार नाही," मी म्हटलं. "माझा हात आता तुम्ही वर करायचा नाही."

त्यांना वाईट वाटलं. खरंच वाटलं असेल.

मी काकूंपुढे हात केला. काकू म्हणाल्या, "आडनाव काय गं तुझं?" दारातून ताईंनी आवाज न करता ओठ हलवले. कुलकर्णी.

मी माझं सांगितलं. खणखणीत. इथे लिहीत नाही, कारण केस चालू आहे आणि वकीलबाईने मनाई केलीय.

काकूंनी हात काढून घेतला. पांघरुणाला पुसला. मी माझा मागे घेतला नाही. दहा मिनिटं तसाच धरून उभी राहिले, खांदा भरून आला तरी. ताई म्हणाल्या, "प्लीज, शी नीड्स द टॉयलेट." मी म्हटलं, हात इथेच आहे, काकूंनी धरावा. काकूंनी तो धरला नाही. शेवटी ताईंनीच आईला उठवलं, दोन वर्षांत पहिल्यांदा.

मी कोट घातला आणि निघाले. यापुढे ज्या टेबलापुढे बसवतील तिथे हेच आडनाव सांगेन. मला इथून घालवायचं असेल तर विमानाचं तिकीटही त्यांना याच आडनावाने काढावं लागेल.